पंचनाम्याविना मिळणारी दुष्काळी मदत: अमेरिकेतील पशुपालक, वाळलेली कुरणे आणि गुरुवारचा नकाशा

सँडहिल्स

नेब्रास्का राज्यातील पशुपालकांच्या हिशेबाचे आणि करविवरणांचे काम मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. या कामात दुष्काळाच्या वर्षी एक सरकारी योजना सतत समोर येते. तिच्याविषयी मराठीत कुठे सविस्तर वाचायला मिळाले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. योजनेचे नाव आहे लाइव्हस्टॉक फोरेज डिझास्टर प्रोग्रॅम. दुष्काळामुळे कुरणात गवत उगवले नाही किंवा उगवलेले वाळून गेले, तर जनावरांच्या चाऱ्याच्या खर्चाचा काही भाग या योजनेतून पशुपालकाला रोख दिला जातो. तिची अंमलबजावणी अमेरिकी कृषी खात्याची फार्म सर्व्हिस एजन्सी काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, पातळीवरील कार्यालयांतून करते.

या योजनेचा सर्वांत विलक्षण भाग म्हणजे तिच्यात नुकसानीचा पंचनामा नाही. कोणीही अधिकारी कुरणात येऊन किती गवत वाळले याची नोंद करत नाही. पशुपालकाचे स्वतःचे नुकसान किती झाले, हा प्रश्नच मुळात विचारला जात नाही. त्याची काउंटी दुष्काळाच्या राष्ट्रीय नकाशावर कोणत्या रंगात आणि किती आठवडे होती, एवढेच पाहिले जाते.

हा नकाशा म्हणजे यू.एस. ड्रॉट मॉनिटर. नेब्रास्का विद्यापीठाच्या लिंकन येथील राष्ट्रीय दुष्काळ निवारण केंद्र, कृषी खाते आणि हवामान व सागरविषयक संस्था नोआ हे तिघे मिळून तो १९९९ पासून तयार करत आहेत. मंगळवारी सकाळपर्यंतची माहिती धरून तो दर गुरुवारी प्रसिद्ध होतो. त्यात डी० म्हणजे नेहमीपेक्षा कोरडे, येथपासून डी४ म्हणजे अपवादात्मक दुष्काळ, येथपर्यंत पाच पायऱ्या आहेत. चराईच्या ठरलेल्या हंगामात काउंटीच्या कोणत्याही भागात डी३ एकदाही लागला, तर तीन महिन्यांची मदत मिळते. डी३ एकूण चार आठवडे राहिला किंवा डी४ एकदाही लागला, तर चार महिन्यांची, आणि डी४ चार आठवडे राहिला तर पाच महिन्यांची. डी२ या पायरीसाठी पूर्वी सलग आठ आठवडे लागत आणि त्यावर एकाच महिन्याची मदत मिळे. जुलै २०२५ च्या कायद्याने ही अट सैल केली असून आता सलग चार आठवड्यांवर एक महिना आणि आठपैकी सात आठवड्यांवर दोन महिने मिळतात.

रक्कम कशी ठरते ते एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो, कारण योजनेचे गुणदोष या गणितातच दडलेले आहेत. कायद्याने असे गृहीत धरले आहे की मांसासाठी पाळलेल्या एका प्रौढ गाईचा रोजचा चारा १५.७ पौंड मक्याच्या बरोबरीचा आहे. तीस दिवसांचे ४७१ पौंड होतात. ५६ पौंडांचा एक बुशेल, म्हणजे सुमारे ८.४ बुशेल मका. मक्याचा राष्ट्रीय सरासरी दर बुशेलला साडेचार डॉलर धरला, तर महिन्याचा खर्च ३७.८५ डॉलर होतो आणि त्याचे ६० टक्के, म्हणजे गाईमागे महिना २२.७१ डॉलर ही मदत ठरते. मेंढी आणि शेळी यांचा दर गाईच्या चतुर्थांश असतो. आता एखाद्याकडे २०० गाई आहेत, पण त्याच्या कुरणाची सर्वसाधारण वर्षातील क्षमता १५० गाईंचीच आहे असे समजा. मदत १५० गाईंवरच मिळते, कारण जनावरांची संख्या आणि कुरणाची क्षमता यांपैकी जो आकडा कमी तोच धरला जातो. त्याच्या काउंटीत डी३ लागून गेला असेल, तर तीन महिन्यांचे सुमारे १०,२०० डॉलर त्याला मिळतील.

ही रक्कम ऐकायला मोठी वाटते, परंतु विकतच्या चाऱ्याशी ताडून पाहिली की तिचे खरे माप कळते. गाय दिवसाला साधारण ३० पौंड वाळलेले गवत खाते, म्हणजे महिन्याला सुमारे ९०० पौंड. गवताचा दर टनाला २०० डॉलर धरला, तर एका गाईचा महिन्याचा खर्च ९० डॉलर झाला. त्यातले २२ ते २३ डॉलर सरकारने दिले. शिवाय दुष्काळ एका काउंटीपुरता नसतो. चारही दिशांचे पशुपालक एकाच वेळी गवत शोधू लागतात आणि त्याचा दर त्याच वेळी चढतो, मात्र मदतीचा दर आधीच्या बारा किंवा चोवीस महिन्यांच्या मक्याच्या सरासरीवर बांधलेला राहतो.

तरीही मी या योजनेच्या बाजूने आहे. विम्यासारखा हप्ता नाही, अर्जाला शुल्क नाही, आणि पात्रता नकाशावरून ठरत असल्यामुळे गावपातळीवरच्या ओळखीपाळखीला तिथे जागा नाही. लहान पशुपालकालाही आपण पात्र आहोत की नाही हे घरबसल्या कळते. एका व्यक्तीला वर्षाला जास्तीत जास्त १,२५,००० डॉलर मिळू शकतात आणि ज्यांचे सरासरी उत्पन्न ९ लाख डॉलरच्या वर आहे त्यांना सामान्यतः लाभ मिळत नाही.

माझी तक्रार आहे ती काउंटी या मापाबद्दल. नेब्रास्कातील चेरी काउंटी सुमारे १५,५०० चौरस किलोमीटरची आहे. सोलापूर जिल्ह्याहून ती थोडी मोठीच भरेल, आणि तिची लोकसंख्या साडेपाच हजारांच्या आसपास आहे. तिच्या एका कोपऱ्यात डी३ चा रंग शिरला, तर शंभर किलोमीटर दूर असलेल्या, बऱ्यापैकी पाऊस झालेल्या कुरणालाही तीन महिन्यांची मदत लागू होते. उलट त्या कोपऱ्याला लागून, पण शेजारच्या काउंटीत असलेल्या पशुपालकाच्या कुंपणापाशी रंग थांबला, तर त्याच्या वाट्याला डी२ पुरताच हिशेब येतो. पंचनामा टाळल्याची ही किंमत आहे. ती रास्त आहे का, आणि कमी कशी करता येईल, यावर सर्वांची मते वाचायला आवडतील.

माणदेशी

सँडहिल्स, लेख दोनदा वाचला. मी माण तालुक्यातला आहे. २०१२-१३ आणि २०१८-१९ या दोन्ही दुष्काळांत आमच्या घरची जनावरे छावणीत होती, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी लांबचा नाही.

आपल्याकडे सरकार जनावराच्या मालकाच्या हाती पैसे देत नाही. छावणी चालवणाऱ्या संस्थेला जनावरामागे रोजचा दर मिळतो. २०१९ च्या उन्हाळ्यात राज्य सरकारने हा दर मोठ्या जनावराला १०० रुपये आणि लहान जनावराला ५० रुपये केला होता. या पद्धतीचा मोठा फायदा असा, की ज्या मुलखात विकत घ्यायलाही वैरण नाही, तिथे प्रत्यक्ष वैरण आणि पाणी पोहोचते. शंभर जण हातात नोटा घेऊन एकाच उसाच्या फडाकडे धावत नाहीत. तोटा असा, की घर सोडून जनावरांबरोबर माणसाला महिनोन् महिने छावणीतच मुक्काम करावा लागतो. घरातली म्हातारी माणसे एकीकडे, मुलांची शाळा दुसरीकडे आणि कर्ता माणूस तिसरीकडे, अशी कुटुंबाची वाटणी होते. जनावरांची खोटी संख्या दाखवल्याच्या तक्रारीही होतातच, आणि त्या तपासायला पुन्हा पंचनामे आलेच.

म्हणून माझा प्रश्न सरळ आहे. तुमच्याकडे पंचनामा नाही, तर खोटे अर्ज होत नाहीत का? २०० ऐवजी ४०० गाई लिहिल्या, तर कोण मोजते?

सँडहिल्स

माणदेशी, पंचनामा नुकसानीचा नाही, पण मालकीचा आणि जमिनीचा पुरावा द्यावाच लागतो. दुष्काळ सुरू होण्यापूर्वीच्या ६० दिवसांत जनावरे अर्जदाराच्या मालकीची किंवा कराराने त्याच्याकडे असायला हवीत. त्यासाठी खरेदी-विक्रीच्या पावत्या, पशुवैद्यकाच्या नोंदी, बँकेला कर्जासाठी दिलेली जनावरांची यादी, असे काहीही मागितले जाऊ शकते. कुरणाच्या क्षेत्राची नोंद काउंटी कार्यालयात आधीच केलेली असते, जमीन भाड्याची असेल तर भाडेकरार जोडावा लागतो, आणि काही अर्ज निवडून नंतर तपासले जातात. शिवाय कुरणाच्या क्षमतेची मर्यादा मी वर सांगितलीच आहे. कागदावर गाई दुप्पट केल्या तरी रान दुप्पट होत नाही, त्यामुळे खोट्या आकड्याचा फायदा तिथेच खुंटतो. मांसासाठी बंदिस्त गोठ्यात पोसली जाणारी, म्हणजे फीडलॉटमधली जनावरे मुळात अपात्र आहेत, कारण त्यांचे पोट कुरणावर अवलंबून नसते.

उपग्रहदृष्टी

मी दूरसंवेदनाच्या क्षेत्रात काम करतो. या नकाशाकडे लोक एखाद्या तापमापकासारखे पाहतात, ते मला चुकीचे वाटते, म्हणून लिहीत आहे.

ड्रॉट मॉनिटर हे कोणत्याही एका सूत्राचे उत्तर नाही. पावसाची तूट, जमिनीतील ओल, नद्यांचा प्रवाह, उपग्रहांनी टिपलेली वनस्पतींची स्थिती असे अनेक निर्देशांक समोर ठेवून, आळीपाळीने काम करणारे तज्ज्ञ लेखक दर आठवड्याला सीमारेषा आखतात. देशभरातील साडेचारशेच्या आसपास जाणकार निरीक्षक त्यांना स्थानिक माहिती देतात आणि सामान्य शेतकऱ्यालाही आपल्या रानाची स्थिती छायाचित्रासह कळवण्याची सोय आहे. म्हणजे नकाशात मोजमाप आहे, तसाच माणसाचा निर्णयही आहे. पायऱ्या शतमानावर ठरतात. डी४ म्हणजे त्या जागी, वर्षाच्या त्या काळात, शंभर वर्षांतून एकदा-दोनदाच दिसावी अशी कोरड.

हा नकाशा १९९९ मध्ये परिस्थितीचे चित्र सर्वांना एकाच जागी दिसावे म्हणून सुरू झाला. २००८ च्या कृषी कायद्याने त्याच्या रेषांना पैसे जोडले. त्या दिवसापासून प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंना हितसंबंध उभे राहिले. एखाद्या काउंटीतून अचानक पुष्कळ निरीक्षणे येऊ लागली, तर ती खऱ्या कोरडीमुळे आली की डी३ च्या अपेक्षेने आली, हे तज्ज्ञाला ओळखावे लागते. मी या लेखकांच्या सचोटीवर शंका घेत नाही. उलट त्यांच्यावर हे ओझे टाकायला नको होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. शतमान हे भूतकाळाशी तुलना करून काढतात. अमेरिकेच्या नैऋत्येत २००० ते २०२१ हा बावीस वर्षांचा काळ इसवी सन ८०० पासूनच्या कोणत्याही बावीस वर्षांपेक्षा कोरडा होता, असे वृक्षवलयांच्या अभ्यासातून पुढे आले आहे. अशा प्रदेशात डी३ हा अपवाद न राहता वारंवार येणारा पाहुणा होतो. मग तिथे दिली जाणारी रक्कम आपत्तीची मदत म्हणायची, की कायम कोरड्या झालेल्या रानात पूर्वीइतकीच जनावरे ठेवण्यासाठी दिलेले नियमित अनुदान?

हिशेबनीस

उपग्रहदृष्टी यांचा शेवटचा प्रश्न मलाही पडतो, परंतु त्याचे उत्तर त्यांच्या सूचनेइतके एकतर्फी नाही. मी कृषी अर्थशास्त्र शिकवतो.

मदत जनावरांच्या संख्येशी जोडलेली असल्यामुळे पशुपालक कळप कमी करत नाहीत आणि कुरण ओरबाडले जाते, हा आक्षेप जुना आहे. त्यात तथ्य आहे, पण कायद्यात त्यावर एक उतारा आहे. चालू वर्षात किंवा आधीच्या दोन वर्षांत दुष्काळामुळे विकाव्या लागलेल्या जनावरांवरही मदत मिळू शकते, आणि आधीच्या वर्षांत विकलेल्यांसाठी ती नेहमीच्या दराच्या ८० टक्के असते. म्हणजे ज्याने वेळीच जनावरे विकून रानाला विसावा दिला, तो पूर्ण वाऱ्यावर सोडला जात नाही. याशिवाय दुष्काळामुळे सक्तीने विकलेल्या पैदाशीच्या जनावरांच्या नफ्यावरील प्राप्तिकर पुढे ढकलता येतो. दुष्काळग्रस्त जाहीर झालेल्या भागात चार वर्षांच्या आत तशीच जनावरे पुन्हा घेतली, तर हा लाभ टिकतो. या दोन्ही तरतुदी एकत्र वाचल्या, तर धोरणाचा कल जनावरे कोणत्याही परिस्थितीत राखा असा दिसत नाही.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. चराई आणि चाऱ्यासाठी पावसाच्या निर्देशांकावर चालणारा विमा अमेरिकेत २००७ पासून आहे. अक्षांश-रेखांशांच्या पाव अंशाला एक, असे देशाचे चौकोन पाडले आहेत. त्या चौकोनात निवडलेल्या दोन महिन्यांत सरासरीपेक्षा पाऊस ठरावीक प्रमाणाने कमी झाला, की भरपाई मिळते. तिथेही पंचनामा नाही, पण चौकोन काउंटीपेक्षा पुष्कळ लहान आहे, आणि हप्त्याचा निम्म्याहून अधिक भार सरकार उचलते. विमा घेतला म्हणून दुष्काळी मदत बंद होत नाही. एकाच प्रकारच्या नुकसानीसाठी एक सशुल्क आणि एक निःशुल्क अशा दोन वाटा सरकारने शेजारी शेजारी ठेवल्या, तर दूरदृष्टीने विमा घेणाऱ्याला काय संदेश जातो? मूळच्या २००८ च्या कायद्यात मदतीसाठी विमा किंवा तत्सम संरक्षण घेतलेले असणे आवश्यक होते. २०१४ मध्ये ती अट काढली गेली. ती काढायला नको होती.

सँडहिल्स

हिशेबनीस, २०१४ चा संदर्भ निघालाच आहे, तर त्यामागचा प्रसंग सांगायलाच हवा, कारण तो समजल्याशिवाय ही योजना कायमस्वरूपी का झाली ते उमगत नाही.

२००८ च्या कायद्यातील आपत्ती योजनांची मुदत ३० सप्टेंबर २०११ ला संपली. टेक्सासमध्ये त्याच वर्षी इतिहासातील सर्वांत कोरडे बारा महिने चालू होते, आणि पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, दुष्काळ मध्य अमेरिकेच्या मोठ्या भागावर पसरला. म्हणजे छत्री मोडली आणि त्याच दिवशी वळीव आला. टेक्सासच्या शेतीचे २०११ मधील नुकसान ७६२ कोटी डॉलरचे असल्याचा अंदाज तिथल्या कृषी विस्तार सेवेने दिला आणि त्यात पशुधनाचा वाटा ३२३ कोटींचा होता. त्या दोन वर्षांत पिढ्यान् पिढ्या जोपासलेले पैदाशीचे कळप बाजारात गेले. फेब्रुवारी २०१४ मध्ये नवा कृषी कायदा झाला. त्याने योजना कायम केली आणि १ ऑक्टोबर २०११ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू केली. पैसे मिळाले, पण दोन-अडीच वर्षांनी. तोपर्यंत ज्याने कालवडीसुद्धा विकल्या होत्या, त्याला ती रक्कम कर्ज फेडायलाच उपयोगी पडली. कळप उभा करायला नाही.

कालवडींचा मुद्दा इथे वाचणाऱ्या सर्वांनी लक्षात घ्यावा अशी माझी विनंती आहे. गाय विकली की एका वर्षाचे वासरू जाते. कालवड विकली की पुढची सात-आठ वासरे जातात, आणि पाऊस परतल्यावर नवी कालवड वाढवून तिचे पहिले वासरू बाजारात यायला तीन वर्षांच्या आसपास काळ लागतो. १ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतील गोवंशाची एकूण संख्या ८ कोटी ६७ लाख होती. १९५१ नंतर एवढी कमी संख्या नोंदली गेली नव्हती. त्यामागे केवळ दुष्काळ नाही, बाजाराचे चक्रही आहे, परंतु लागोपाठच्या कोरड्या वर्षांचा हात त्यात मोठा आहे. म्हणून मदत किती मिळाली याइतकेच ती कोणत्या महिन्यात मिळाली हेही महत्त्वाचे आहे, असे मी पुन्हा पुन्हा सांगतो.

विम्याची अट काढली ते योग्यच झाले, असे माझे मत आहे. पावसाच्या चौकोनावरचा विमा घेण्यासाठी वर्ष सुरू होण्याआधी दोन-दोन महिन्यांचे कप्पे निवडावे लागतात. चुकीचे कप्पे निवडले आणि पाऊस नेमका उरलेल्या महिन्यांत रुसला, तर हप्ता भरूनही हाती काही येत नाही. मोठा पशुपालक सल्लागार नेमून हे करतो. चाळीस गाई असलेल्या माणसाला अट घातली असती, तर तो २०११ सारख्याच प्रसंगात पुन्हा उघड्यावर राहिला असता.

पॅनहँडल

टेक्सासच्या उत्तर टोकाला राहते. इथे आगीचा प्रश्न कोणी काढला नाही, म्हणून लिहिते.

फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस आमच्या भागात स्मोकहाउस क्रीक नावाने ओळखली जाणारी आग लागली आणि दहा लाख एकरांहून अधिक रान जळाले. राज्याच्या इतिहासातील ती सर्वांत मोठी आग ठरली. हजारो जनावरे मेली. जी वाचली, त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी गवताची काडी नव्हती. चारा गेल्याची सरकारी मदत म्हटल्यावर अनेकांना साहजिकच सँडहिल्स यांनी वर्णन केलेली योजना आठवली, पण ती लागू नव्हती. आगीसाठी ही योजना फक्त संघ सरकारच्या ताब्यातील चराऊ जमिनीवर चालते. जळालेल्या सरकारी रानात जनावरे सोडायला बंदी झाली, तर बंदीच्या दिवसांचा चाराखर्च निम्म्या दराने मिळतो आणि त्याला १८० दिवसांची मर्यादा आहे. नेवाडा किंवा आयडाहोमध्ये, जिथे बहुतेक रान सरकारी आहे, तिथे हे ठीक आहे. टेक्सासमधील जमीन जवळपास सगळी खाजगी आहे.

खाजगी कुरण जळाल्यावर वेगळी आपत्कालीन योजना आहे, मेलेल्या जनावरांसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के देणारी आणखी एक, आणि कुंपण पुन्हा उभारण्यासाठी तिसरी. प्रत्येकीचा अर्ज निराळा, मुदत निराळी, पुरावे निराळे. घर, गोठा आणि कागदपत्रे एकाच रात्री जळालेल्या माणसाने हे सारे वेगवेगळ्या खिडक्यांतून गोळा करावे, ही अपेक्षा मला निर्दय वाटते. काउंटी कार्यालयातील कर्मचारी मनापासून मदत करतात, हेही नमूद करते. दोष त्यांचा नाही, योजनांच्या तुकड्यांचा आहे.

माणदेशी

पॅनहँडल ताई, वाचून वाईट वाटले. वणव्याने जळालेले गवत आणि उन्हाने करपलेले गवत यांत जनावराच्या दृष्टीने काही फरक नसतो.

उपग्रहदृष्टी यांना एक विचारायचे आहे. आपल्याकडेही २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर पाऊस, वनस्पतींची स्थिती, जमिनीतील ओल असे निर्देशांक आले. पण शेवटी तालुक्यातील दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी करूनच दुष्काळाची तीव्रता ठरते. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो याच पद्धतीने. २०२३ मध्ये ४० तालुके जाहीर झाले आणि मग ओरड झाल्यावर हजाराहून अधिक महसूल मंडळांत दुष्काळसदृश सवलती द्याव्या लागल्या. म्हणजे तालुका हे माप मोठे पडते, हे सरकारला मान्य करावे लागले. काउंटीचेही तसेच आहे ना? मग तुमच्याकडे काउंटीचे तुकडे का करत नाहीत?

उपग्रहदृष्टी

माणदेशी, तुमची तुलना अगदी नेमकी आहे. तांत्रिकदृष्ट्या काउंटीचे तुकडे करणे अवघड नाही. अडचण अशी, की ड्रॉट मॉनिटर ज्या अचूकतेने आखला जातो ती कुरणाच्या पातळीची नाही. कमी केंद्रे असलेल्या विरळ वस्तीच्या भागात रेषा दहा-पंधरा किलोमीटर इकडे की तिकडे, हे ठामपणे सांगता येत नाही. काउंटीच्या कोणत्याही भागात रंग लागला तरी सगळ्यांना मदत, हा नियम त्या अनिश्चिततेचा फायदा पशुपालकाला देतो. तुकडे लहान केले, तर नकाशाकडून त्याच्या कुवतीबाहेरची अचूकता मागितली जाईल आणि प्रत्येक तुकड्यावर वाद होईल. तुमच्या दहा टक्के गावांच्या पाहणीचे महत्त्व इथेच आहे. ती वेळ खाते, पण नकाशाला जमिनीवर आणून उभे करते.

मला मधला मार्ग असा दिसतो, की काउंटी हे माप ठेवावे, परंतु मदतीचे महिने ठरवताना काउंटीचा किती टक्के भाग त्या रंगात होता हेही धरावे. एका कोपऱ्यातील डी३ ला तीन महिने आणि संपूर्ण काउंटी व्यापणाऱ्या डी३ लाही तीनच महिने, हे समर्थनीय नाही.

सँडहिल्स

टक्केवारीच्या सूचनेशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, फक्त त्या कोपऱ्यातल्या माणसाचे काय, हे आधी सुटले पाहिजे. काउंटीचा पाच टक्के भागच डी३ मध्ये असेल, तर टक्केवारीच्या हिशेबाने त्या पाच टक्क्यांत राहणाऱ्याची मदतही घटेल, आणि सर्वांत जास्त होरपळलेला तोच असेल. आजचा नियम ज्याला गरज नाही त्यालाही देतो. टक्केवारीचा नियम ज्याला गरज आहे त्याचे काढून घेऊ शकतो. या दोन चुकांपैकी मी पहिली पत्करेन.

पॅनहँडल यांच्या मुद्द्यावर मात्र दुमत असू नये. आग आणि दुष्काळ यांतील चाऱ्याच्या नुकसानीसाठी एकच अर्ज असावा आणि जमीन सरकारी की खाजगी हा प्रश्न कार्यालयाने आपल्या आतल्या टेबलांवर सोडवावा.

माणदेशी

एक शेवटची शंका. आमच्या भागातले मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणात किंवा भीमेच्या खोऱ्यात उतरतात. रान त्यांचे नसते. कुठे शेतकऱ्याशी तोंडी बोलून मेंढरे बसवतात, कुठे गायरानात चारतात. छावणी गावात उघडते तेव्हा ते गावात नसतात. तुमच्या योजनेत अशा फिरत्या कळपाला स्थान आहे का?

सँडहिल्स

अंशतः आहे. मदत पशुपालक कुठे राहतो यावर नसून जनावरे ज्या काउंटीच्या रानात चरतात किंवा चरली असती त्यावर मिळते. त्यामुळे एकाच कळपासाठी दोन-तीन काउंट्यांतील रान दाखवता येते. प्रत्येक काउंटीत त्या प्रकारच्या कुरणाचा चराईचा हंगाम ठरलेला असतो आणि दुष्काळ त्या हंगामातच लागलेला असावा लागतो. भाड्याच्या रानासाठी लेखी करार नसेल आणि व्यवहार तोंडी झाला असेल, तर तो झाल्याचे प्रमाणित करणारे निवेदन भरून देता येते. मात्र त्या रानावर जनावरे चारण्याचा हक्क आपला होता आणि त्यातील जोखीम आपणच उचलली, हे दाखवता आले पाहिजे. वाटेत मिळेल तिथे चारणाऱ्या कळपाला हे दाखवता येत नाही, आणि तो योजनेच्या बाहेरच राहतो. तुमच्या मेंढपाळांसाठी अशी एखादी योजना आखायची झाली, तर मदत जमिनीच्या उताऱ्याऐवजी मेंढरांच्या कानातील बिल्ल्याशी जोडावी लागेल, आणि ज्या महसूल मंडळात कळप त्या महिन्यात आहे तिथली स्थिती धरावी लागेल. त्यावर वेगळा धागा काढलात, तर इथल्या अर्जांचे नमुने आणि नियमांतील संबंधित भाग मी मराठीत करून देईन.